वाचक विचारतात : ‘बर्ड’, फेकलेली झांज आणि रियाझ

मागील अंकात या सदरात ‘बर्ड’ या इंग्रजी चित्रपटाविषयी थोडे लिहिले होते. क्लिंट ईस्टवुड यांनी १९८८ मध्ये दिग्दर्शित केलेला हा चित्रपट चार्ली पार्कर या अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादकावर आहे. ‘बर्ड’ हे त्यांचे टोपणनाव होते. फॉरेस्ट व्हिटेकर यांना या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. सीमाभागातले वाचक जॅझविषयी पत्रे पाठवतील असे वाटले नव्हते. पण पत्रे आली, आणि बहुतेकांचा रोख संगीतापेक्षा माणसावर होता. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे नावे दिलेली नाहीत.

शहापूर, बेळगाव येथील एक निवृत्त शिक्षिका लिहितात :

आपले टिपण वाचून मी हा चित्रपट नातवासोबत घरी पाहिला. दोन तास चाळीस मिनिटांत हा माणूस बहुतेक वेळ नशेत, दवाखान्यात किंवा कोणाची तरी क्षमा मागताना दिसतो. नातू एकोणीस वर्षांचा आहे आणि सॅक्सोफोन शिकतो. चित्रपट संपल्यावर तो म्हणाला, “आजी, मोठे कलावंत असेच असतात गं.” मला पटकन उत्तर सुचले नाही. व्यसनामुळे हा माणूस मोठा झाला, असे खरेच आहे काय?

उत्तर : नाही, बाई. नातवाला याबाबत माझे किंवा तुमचे मत सांगण्यापेक्षा पार्कर यांचेच सांगावे, कारण वयात आलेली मुले आजीपेक्षा आपल्या दैवताचे अधिक ऐकतात. नशेत आपण अधिक चांगले वाजवतो असे सांगणारा वादक साफ खोटे बोलतो, अशा अर्थाचे विधान पार्कर यांनी मुलाखतीत केले होते, आणि त्यांच्याइतका अनुभव घेऊन ते करणारा दुसरा वादक शोधून सापडणार नाही.

त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतही याचा पुरावा आहे. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘लव्हर मॅन’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. हेरॉइन मिळेनासे झाल्यामुळे पार्कर यांनी दारूवर दिवस काढले होते, आणि मुद्रणाच्या वेळी त्यांना धड उभेही राहवत नव्हते. त्यांचा पहिला सूर यायला हवा तेथे येत नाही. पियानो वाट पाहत राहतो आणि वाद्य उशिराने, चाचपडत आत शिरते. त्याच रात्री हॉटेलात जे घडले त्यातून अटक झाली आणि पुढचे सुमारे सहा महिने कॅलिफोर्नियातल्या कॅमारिलो येथील मनोरुग्णालयात गेले. ती तबकडी कंपनीने बाजारात आणली याचा राग पार्कर यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. काही रसिक आजही त्या तबकडीला वेदनेचा शिखरबिंदू मानतात. मीही ती ऐकतो आणि माझाही जीव कासावीस होतो. पण एखाद्या थोर गवय्याचा बसलेला आवाज ऐकून होणारी कासाविशी आणि गाण्याने मिळणारा आनंद या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो, एवढे मला कळते. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर, तब्येत सुधारलेली असताना, फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी ‘रिलॅक्सिन ॲट कॅमारिलो’ ही रचना मुद्रित केली. नातवाला या दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकवा आणि मग तुम्ही काही बोलू नका.

आता चित्रपटाचा दोष. तो दोष ईस्टवुड यांच्यापेक्षा माध्यमाचा अधिक आहे, असे माझे मत आहे. पार्कर यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे की उमेदवारीच्या काळात तीन-चार वर्षे ते रोज ११ ते १५ तास वाजवत असत, आणि शेजारी इतके वैतागले की घर सोडा, असे त्यांनी त्यांच्या आईला सुनावले होते. १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगराळ भागातल्या एका पर्यटनस्थळी त्यांना वादनाचे काम मिळाले. जाताना त्यांनी सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्या तबकड्या सोबत नेल्या, त्यांतले एकेक वादन घोटून पाठ केले आणि बरोबरच्या वादकांकडून हार्मनी, म्हणजे स्वरसंगती, शिकून घेतली. परत आलेला मुलगा वेगळाच होता. हा उन्हाळा म्हणजे त्या आयुष्याचे खरे वळण. पण पडद्यावर दाखवायचे काय? एक मुलगा, एक ग्रामोफोन, तीच सुई, त्याच आठ मात्रा, शंभर वेळा. प्रेक्षक उठून बाहेर जाईल. सुई दंडात टोचलेली दाखवली की मात्र तो जागचा हलत नाही. म्हणून चित्रपट व्यसन दाखवतो, रियाझ गाळतो, आणि चित्रपट संपल्यावर एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनात एक चुकीचे समीकरण तयार होते. रियाझाचा कंटाळा कंटाळ्यासकट दाखवण्याचे धाडस मला अलीकडे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या २०२० सालच्या मराठी चित्रपटात दिसले, ज्याच्या पटकथेला व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळाले. त्यात रियाझ भरपूर आहे आणि प्रतिभा बेताची आहे. ‘बर्ड’च्या नेमके उलटे. नातवाला दोन्ही दाखवता आले तर पाहा.

जाता जाता आपल्या जवळचे एक उदाहरण देतो. कुमार गंधर्व १९२४ मध्ये आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले आणि अकरा-बारा वर्षांचे असतानाच मैफली गाजवू लागले. क्षयाने त्यांना अंथरुणाला खिळवले तेव्हा ते पंचविशीच्या आतच होते, आणि देवासला पाच-सहा वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. पुष्कळ लोक म्हणतात की आजाराने त्यांना नवे गाणे दिले. आजाराने फुप्फुस नेले, दिले काहीच नाही. त्या वर्षांत खिडकीबाहेरून येणारी माळव्यातली लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली, त्यांतले स्वरविचार टिपले, आणि नवे जे आले ते त्या ऐकण्यातून आले. अंथरुणावर पडलेल्या माणसाचासुद्धा तो रियाझच होता.

खानापूर तालुक्यातील एक बँडवादक विचारतात :

मी वीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. चित्रपटातले वादन त्या काळच्या तबकडीसारखे खरखरीत नाही, पण फुंक मात्र आजच्या माणसाची वाटत नाही. हे कोणी वाजवले आहे?

उत्तर : आपल्या कानाला नमस्कार. फुंक पार्कर यांचीच आहे. ईस्टवुड आणि संगीतकार लेनी नीहाउस यांनी पार्कर यांची मूळ मुद्रणे घेतली, त्यांतून सॅक्सोफोन तेवढा तांत्रिक उपायांनी वेगळा काढला, बाकीच्या वाद्यांचा आवाज पुसला आणि आजच्या वादकांना बोलावून मागची साथ नव्याने वाजवून घेतली. असे समजा की जुन्या तबकडीवरून बालगंधर्वांचा गळा तेवढा उचलला आणि पेटी-तबला आज नव्याने बसवला. साथीदारांची यात कसोटी लागते, कारण पुढचा माणूस तेहतीस वर्षांपूर्वी गेलेला. तो तुमच्यासाठी थांबणार नाही, मान हलवून समेची खूणही करणार नाही. या चित्रपटाला उत्कृष्ट ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले, ते योग्यच होते. काही जाणकारांना मात्र ही शस्त्रक्रिया रुचली नाही. पार्कर ज्यांच्याशी त्या क्षणी बोलत होते त्यांनाच पुसून टाकले, असा त्यांचा आक्षेप आहे आणि तो मला निराधार वाटत नाही. वादन ही मुळात बोलाचाली असते. एकाची वाक्ये ठेवून दुसऱ्याची बदलली तर पहिल्याच्या वाक्यांचा अर्थही थोडा हलतो.

पार्कर वाजवत ते वाद्य आल्टो सॅक्सोफोन, म्हणजे आपल्या कर्नाटकाचे कद्री गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीतासाठी वश करून घेतले तेच. त्यांनी तरुणपणी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये ते प्रथम ऐकले आणि नादस्वराचे घराणे मागे ठेवून त्याच्या नादी लागले. तेव्हा बँडमध्ये वाजवतो म्हणून कोणी नाक मुरडले तर त्याला हे सांगावे.

आणखी एक गोष्ट आपल्याला रुचेल. मे १९५३ मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या गाजलेल्या मैफलीत पार्कर यांच्या हातात प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन होता. ग्राफ्टन नावाचे ते वाद्य होते, अंग दुधी रंगाच्या प्लॅस्टिकचे आणि कळा धातूच्या. स्वतःचे वाद्य गहाण टाकण्याची वेळ त्यांच्यावर वारंवार येत असे. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. प्लॅस्टिकमधून तो सूर कसा निघाला, हे मला ऐकून सांगता येत नाही; रीड भिजवून रोज तोंडात धरणाऱ्या आपल्यासारख्यालाच ते कळेल. ऐकून जरूर लिहा.

निपाणीहून एक तरुण वाचक लिहितात :

‘व्हिपलॅश’ या चित्रपटातला शिक्षक सांगतो की ड्रमवादक जो जोन्स यांनी चार्ली पार्कर यांच्या डोक्यावर झांज फेकून मारली आणि त्या अपमानातून ‘बर्ड’ घडला. ‘बर्ड’मध्येही ती झांज पुनःपुन्हा उडताना दिसते. खरे काय घडले?

उत्तर : घटना कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमधली, १९३६ च्या सुमाराची. पार्कर तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. रात्रीच्या जॅम सेशनमध्ये, म्हणजे जमलेल्या वादकांच्या चढाओढीच्या बैठकीत, ते उभे राहिले आणि वाजवता वाजवता त्यांचा ठेका सुटला. जो जोन्स यांनी झांज काढून त्यांच्या पायाजवळ जमिनीवर टाकली. खणखणाट झाला, लोक हसले, मुलगा खाली उतरला. डोक्याचा काही संबंध नव्हता. स्पर्धेत घंटा वाजवून गाणाऱ्याला थांबवतात तसलाच तो प्रकार होता.

२०१४ च्या ‘व्हिपलॅश’मधला शिक्षक पायाची झांज डोक्यावर नेतो, कारण मुलांना मारायला त्याला इतिहासाचा आधार हवा आहे. जे. के. सिमन्स यांनी ती भूमिका इतकी जबरदस्त केली (ऑस्करही मिळवले) की पुष्कळांना तो शिक्षक खरा वाटतो. ‘बर्ड’ची झांज निराळी आहे. ती हवेतून संथपणे फिरत येते, आठवण उगाळल्यासारखी. त्यातून पार्कर यांची जखम दिसते, पण जखम म्हणजे शिक्षण नव्हे. जोन्स हे पार्कर यांचे गुरू नव्हते. त्यांनी फक्त मुलगा अजून कच्चा आहे एवढे जाहीर केले. पक्के करण्याचे काम पुढच्या वर्षीच्या ओझार्कच्या उन्हाळ्याने केले, हे वरच्या उत्तरात आलेच आहे. आपल्याकडेही गुरूने तंबोऱ्याची खुंटी फेकून मारल्याच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. मार खाऊन गाणे सोडून गेलेल्यांच्या गोष्टी सांगायला मागे कोणी उरत नाही, म्हणून त्या ऐकू येत नाहीत.

बेळगाव, कॅम्प येथील एक वाचक भगिनी लिहितात :

आमच्या घरी कोकणी आणि मराठी दोन्ही चालतात. अमेरिकेतल्या वादकाचे इतके कौतुक वाचले. आपल्या जवळपास असा कोणी नव्हता काय? आणि अशा माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईचे काय होते, यावर आपण एक ओळही लिहिली नाही.

उत्तर : दुसरा ठपका मान्य आहे, म्हणून आधी त्याविषयी. ‘बर्ड’ हा बराचसा चॅन यांच्या नजरेतून सांगितला आहे. पार्कर यांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्याबरोबर संसार केलेल्या चॅन यांच्या आठवणींचा चित्रपटाला आधार आहे, आणि डायेन व्हेनोरा यांनी ती भूमिका कोठेही रडगाणे न गाता केली आहे. १९५४ मध्ये त्यांची लहान मुलगी प्री वारली तेव्हा पार्कर दौऱ्यावर, देशाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्या रात्री ते तार पाठवतात, काही वेळाने दुसरी पाठवतात, मग आणखी एक. मी येईपर्यंत थांब, धीर धर, अशा अर्थाचे मजकूर. आणि दर वेळी शब्द तेच असले तरी पाठवणाऱ्याचा आवाज अधिक फाटलेला. मला हा संपूर्ण चित्रपटातला सर्वांत खरा प्रसंग वाटतो, कारण येथे वाद्य नाही, नशेचा देखावा नाही, आणि तारांनी कोणाचे सांत्वन होत नसते हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक आहे. पार्कर यांच्या आधीच्या बायकांना मात्र चित्रपटाने जवळपास जागाच दिली नाही. ‘अवघड माणूस’ या शब्दात अवघड कोणाला, हे सांगायचे राहून जाते. पुरुष तापट असला तर आपण त्याला मनस्वी म्हणतो. तोच स्वभाव एखाद्या गायिकेचा असला तर उद्धट म्हणायला वेळ लावत नाही.

आता पहिला प्रश्न. आपल्याला चोर्ला घाट उतरण्यापेक्षा लांब जायला नको. ख्रिस पेरी हे मूळचे मडगावचे. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे, संगीतरचनाकार, स्वतःचा बँड चालवणारे, आणि कडक शिस्तीचे. मुंबईत त्यांनी लॉर्ना या तरुण गायिकेला तालीम दिली. त्या दोघांची कोकणी गाणी आजही गोव्यातल्या लग्नांत वाजतात, आणि बेळगावच्या कॅम्पातही वाजतात हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. पुढे लॉर्ना जवळजवळ दोन दशके गाण्यापासून दूर राहिल्या आणि १९९५ मध्ये परतल्या. या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला, पण पात्रांची नावे लॉरी आणि डोना अशी बदललेला, ‘नाचूं-या कुंपासार’ हा कोकणी चित्रपट बार्द्रॉय बार्रेटो यांनी केला. ‘कुंपास’ म्हणजे ताल. विजय मौर्य आणि पालोमी घोष यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत, गाणी ख्रिस पेरी यांचीच आहेत, आणि २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा मान त्याला मिळाला.

हा चित्रपट मला एका बाबतीत ‘बर्ड’पेक्षा सरस वाटतो. त्यात प्रतिभावान पुरुषाच्या स्वभावाची किंमत कोणी मोजली, ते शेवटी त्या बाईच्या चेहऱ्यावर वाचता येते, आणि कॅमेरा तेथून लवकर हलत नाही. शिवाय आपल्या शेजारच्या गावांतून मुंबईला गेलेले ते सगळे वादक त्यात आहेत. चर्चच्या शाळेत नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेली ही मुले संध्याकाळी हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून पन्नास वादकांना वाटून देणारे हातही बहुधा त्यांचेच. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात ते नाव शिष्याने गुरूची आठवण म्हणून घेतले. आपण सर्वांनी ते गाणे अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचे समजून ऐकले.

अनगोळ येथील एका वाचकाचा छोटा प्रश्न :

जॅझ कधीच ऐकलेले नाही. पार्कर यांचे नेमके काय ऐकावे आणि कसे?

उत्तर : ‘को-को’. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली ही रचना तीन मिनिटांच्याही आत संपते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची ती मर्यादा होती, आणि आपल्या जुन्या गवयांनी त्याच मर्यादेत आख्खा राग बसवून दाखवला आहे, त्यामुळे तो प्रकार आपल्याला नवा नाही. ‘चेरोकी’ नावाचे एक गाणे तेव्हा लोकप्रिय होते. त्याची चाल पार्कर यांनी टाकून दिली, फक्त खालचा स्वरसंगतींचा सांगाडा ठेवला आणि त्यावर भलत्याच वेगाने स्वतःचे वादन उभे केले. तोच राग, तोच ताल, पण बंदिश निराळी आणि लय अतिद्रुत, असे मानून ऐकावे.

पहिल्या खेपेस काही हाती लागणार नाही. चालत्या रेल्वेतून फलक वाचल्यासारखे वाटेल. दुसऱ्या खेपेस सॅक्सोफोन सोडून द्यावा आणि ड्रमवर मॅक्स रोच झांजेवर जी सलग लय राखतात तेवढीच कानांनी धरावी. ती एकदा पक्की झाली की तिसऱ्या खेपेस त्या लयीवरून पार्कर यांची वाक्ये कोठे सुरू होतात आणि श्वासासाठी कोठे तुटतात, ते कळू लागते. ती वाक्ये मात्रांच्या चौकटीत नीट बसत नाहीत, अलीकडे-पलीकडे पडतात. तबल्यावर कान तयार असलेल्या माणसाला ही गंमत इतरांच्या आधी कळेल. शेवटाजवळ एकट्या ड्रमचा तुकडा आहे. तो संपून सॅक्सोफोन आणि ट्रंपेट ही दोन्ही वाद्ये पुन्हा आत येतात ती जागा तुम्हाला न मोजता ओळखता आली, तर पुढची तबकडी कोणती, ते पुढच्या अंकासाठी विचारा.